उघड्या डोळ्यांची प्रार्थना

मिस लुवेनिया प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसे. चर्चमधल्या बायका टोमणे मारत, "देवावर भरवसा नाही वाटतं तुझा?" ती म्हणे, "देवावर आहे गं. दारावर नाही."

ही सवय अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपीतली. तिथे शेताकडेच्या लाकडी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून उभे राहत, तेव्हा एकाने खिडकीशी थांबून रस्त्यावर लक्ष ठेवायचं, असा रिवाज होता. काळ्यांच्या चर्चवर गोऱ्यांच्या गाड्या कधी चालून येतील याचा नेम नसे. नऊ वर्षांची असताना हे काम लुवेनियाकडे आलं. पुढे ती उत्तरेतल्या शहरात आली, सव्वीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्रीने हात भाजून घेतले, नवऱ्याला पुरलं, पण सवय काही सुटली नाही.

एकोणसत्तर साली काळ्या टोप्या घातलेली काळ्यांवरच्या पोलिसी जाचाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथर पक्षाची पोरं चर्चचं तळघर मागायला आली. शाळेआधी वस्तीतल्या मुलांना फुकट न्याहारी द्यायची होती. पाद्री कां कू करत होता. लुवेनियाने एवढंच विचारलं, "तुमच्यातल्या कोणाला अंडं तरी फोडता येतं का रे?" एकालाही येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तीच शेगडीपुढे उभी राहिली. पोरं भाषण ठोकायला लागली की ती म्हणे, "क्रांती होईल सावकाश, आधी हात धुवा."

साठ मुलं येऊ लागली. उपाशीपोटी बाकावर पेंगणारी ही मुलं आता वर्गात हात वर करतात, असं कळल्यावर तिला रडूच फुटलं होतं.

मग समोर पोलिसांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. त्या अन्नात रोग आहे, असं कोणीतरी घरोघरी सांगत फिरलं. लुवेनिया रोज पहिली थाळी मुलांसमोर स्वतः खाऊ लागली.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मुलांनी प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या, तेव्हा तिला आणखी दोन डोळे उघडे दिसले. थर्मनचे. पँथरांमधला सगळ्यात गुणी पोरगा, दुधाचे क्रेट उचलणारा, तिला आई म्हणणारा. तो मागच्या दाराकडे बघत होता आणि कागदावर तळघराचा नकाशा काढत होता. नजरानजर होताच त्याने कागद खिशात कोंबला.

भांडी घासताना तो जवळ आला. "आई, उद्या येऊ नका तुम्ही. थंडी फार आहे."

"आणि पोरं?"

त्याने नळ मोठा सोडला.

"थर्मन, मी पोरांचं विचारतेय."

"मी तुमच्यापुरतं बोललो. बाकीचं माझ्या हातात नाही."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. ज्या हाताने त्याला वाढलं, त्याच हाताने. न्याहारी बंद ठेवावी तर रोगाची आवई खरी ठरणार, आणि मुलं पुन्हा येणार नाहीत. चालू ठेवावी आणि पोलीस घुसले, तर तळघराला दारं दोनच.

दुसऱ्या दिवशी तिने टेबलं वर काढायला लावली, भर फुटपाथवर. मक्याच्या लापशीच्या वाफा रस्त्यावर निघाल्या. खिडक्याखिडक्यांतून आया बघत होत्या, न्हावी दुकानाबाहेर येऊन उभा राहिला, पाद्रीसुद्धा कोट चढवून आला. समोर आज पोलिसांच्या चार गाड्या होत्या. शेवटच्या गाडीत, मागच्या सीटवर, मान खाली घातलेला थर्मन होता.

सहा वर्षांच्या नेटीने हात जोडून डोळे मिटले.

"नाही गं," लुवेनिया म्हणाली. "आज कोणीच डोळे मिटायचे नाहीत. सगळ्यांनी समोर बघायचं."

"पाप नाही लागत?"

"मला तर अजून नाही लागलं."

साठ मुलं गाड्यांकडे टक लावून प्रार्थना म्हणू लागली. एवढे डोळे पहाऱ्यावर बघून लुवेनियाने, नऊ वर्षांची असल्यापासून पहिल्यांदाच, आपले मिटले.

रस्त्यापलीकडे गाड्यांची दारं एकामागून एक उघडल्याचा आवाज आला. आमेन होईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.