दादाच्या मोबाइलवर माझी गिऱ्हाइकं

मागच्या सोमवारी अमरावतीहून दादाचा फोन आला. म्हणे, "पायल, तुझ्या गिऱ्हायकायच्या पायी माझं लग्न मोडते आता."

झालं असं... मी अकोल्यात घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. शाळा नववीतच सुटली. माझं खातं नव्हतं म्हणून मशीनजवळ दादाचाच क्यूआर कोड चिकटवलेला. बायका इथं पैसे टाकणार आणि मेसेज अमरावतीत दादाकडे वाजणार.

फोनच्या आदल्याच दिवशी होणाऱ्या वहिनीने दादाचा मोबाइल पाहिला. विचारलं, "ह्या एवढ्या बाया तुले पैसे कावून पाठवतात?"

सांगताना दादा हसत होता, पण शेवटी म्हणाला, रविवारच्या आत तुझं खातं काढ, मग मी हा कोड बंद करतो. खरंच होतं त्याचं. पण लग्नसराई सुरू आहे... कोड नसला तर माझ्या बायका सरळ पुढच्या गल्लीतल्या टेलरकडे जाणार.

मला अठरा पूर्ण होऊन दोनच महिने झालेत. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आईलाच पुढे करते. आणि फॉर्म म्हटला की शाळा आठवते...

आई म्हणाली, "बोलू नको. पेन घेऊन जाय अन् नुसती बसून पाय. कोण कसं वागते ते दिसते."

पहिली बँक एकदम चकाचक, एसीवाली. टाय लावलेला एक मुलगा स्वतः उठून आला आणि मला मॅडम म्हणाला. धंदा आहे म्हणजे करंट खातंच लागेल म्हणे... आणि त्यात कायम एवढी रक्कम ठेवायची, की तेवढ्यात माझी दुसरी मशीन येईल. मी आपली हो हो करत राहिले. आधार कार्ड घरी राहिलं होतं म्हणून वाचले, नाहीतर लाजेने सही करून आले असते.

मग घराजवळची पतसंस्था. माणसं ओळखीची, गोड बोलणारी. पण त्यांचं मोबाइलवर काहीच चालत नाही, मग कोड कुठून येणार...

बुधवारी सरकारी बँकेत गेले. ही गर्दी, पंख्याचा खडखडाट, आणि दोरीला बांधलेल्या पेनात रिफिलच नाही. मी कोपऱ्यात बाकड्यावर बसले. शेजारी बार्शीटाकळीचे एक काका होते. म्हणाले, "बाई, चष्मा घरीच रायला. एवढी स्लिप भरून दे."

भरून दिली. ते पाहून एक मावशी आल्या, मग अजून कोणी... तासाभरात मी सात जणांच्या स्लिपा भरल्या.

काकांची सही जुळेना. काउंटरवरच्या मॅडमनी त्यांना परत पाठवलं नाही. "काका, घाई नाही, बसून करा," म्हणाल्या. तिसऱ्या वेळी जुळली. तेव्हाच मी मनात ठरवलं, खातं इथंच... पण उठवेना.

शेवटी मॅडमनीच हाक मारली. "काय गं, तू रोज येते का लोकायचे फॉर्म भराले?"

मी म्हटलं, नाही, मला माझं खातं काढायचं होतं. "मंग सकाळपासून कावून बोलली नाही?" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली. आठवड्याला किती ब्लाऊज होतात ते विचारलं. सध्या साधं बचत खातंच पुरतं, म्हणाल्या. काम वाढलं, दुकान झालं की करंट खातं काढू, आजच त्यात पैसे अडकवू नको.

फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन थांबला. काका पैसे घेऊन निघाले होते, ते वाकून म्हणाले, "आमचे तं पटापट भरले, अन् आता काय झालं?"

मी लिहिलं, नववी. त्याच्या खाली व्यवसाय... शिवणकाम, स्वतःचं.

शनिवारी खातं चालू झालं. दादाच्या कोडवर माझा कोड चिकटवला. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन, "आज एकही बाई आली नाही माह्याकडं. सुनंसुनं वाटून रायलं."

बार्शीटाकळीच्या काकांचं नाव मला माहीत आहे, स्लिपवर मीच लिहिलं होतं. त्यांना माझं माहीत नाही. पण काका... त्या दिवशी तुमचा चष्मा घरी राहिला नसता, तर मी अजून त्या बाकड्यावरच बसलेली असते.