झिरोचा बल्ब आणि विठ्ठलभाऊंचं इमान

बॅटरी चार्जिंगच्या दुकानात रोज बसलं की दोन गोष्टी हमखास होतात. कपड्यांना ॲसिडची भोकं पडतात आणि डोक्यात किस्से साचत जातात. कपडे केव्हाच गेले, किस्से मात्र जायचं नाव घेत नाहीत!

खामगावात मुश्ताकभाईंचं असं दुकान होतं. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण आसपासच्या कितीतरी खेड्यांत वीज पोचली नव्हती. तिथले लोक रेडिओच्या बॅटऱ्या सायकलला बांधून चार्जिंगला आणायचे. त्यांच्यासाठी टाकलेल्या बाकावर आम्ही फुकटे बसायचो. हायस्कूलचे देशमुख सर, कापड दुकानवाले विठ्ठलभाऊ आणि मी. माझी पिंपळगाव राजाला भाजीची वाडी. माल अडतीत उतरवला की मी मोकळाच.

हे सगळं हसत सांगणार आहे, जमेल तोवर.

* * *

विठ्ठलभाऊंना विमानाचं वेड. सावरीच्या हलक्या लाकडाचं, दोन्ही हात पसरून धरावं लागेल एवढं विमान त्यांनी स्वतः बांधलं होतं. आमच्याकडे विमानाला 'इमान' म्हणतात, त्यामुळे चहाच्या टपरीवर रोज चेष्टा.

"विठ्ठलभाऊ, तुमचं इमान कवा उडते?"

"कापडाच्या धंद्यात हाये बापा, इमान कवाच उडालं असतं! धरून ठेवलं हाये."

त्यांचा साळा जहाजावर नोकरीला. त्यानं बाहेरून एक छोटं इंजिन आणि रेडिओने विमान वळवायची पेटी आणली. हातातली पेटी साध्या सेलवर चालायची. विमानाच्या पोटात मात्र चार बोटभर सेलांची चार्ज होणारी बॅटरी होती, आणि सोबत तिचा चार्जरसुद्धा!

मुश्ताकभाईंनी चार्जरची विलायती चपटी पिन तोडून आपली पिन जोडली आणि मोठ्या थाटात बटन दाबलं. फट्! धूर! सरांनी चार्जर उलटा करून वाचलं. तो एकशे दहा व्होल्टचा होता आणि आपली लाइन दोनशे तीसची.

मुश्ताकभाई म्हणाले, "कमजोर निकला बेचारा! आपल्या खामगावच्या लाइनीत जोर लय हाये!"

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तो चार्जर जळला नसता तर त्याच आठवड्यात विमान उडालं असतं.

* * *

त्याच सुमारास विठ्ठलभाऊंनी पंखावर कागद चिकटवला. एक पंख लाल, एक हिरवा. मला म्हणाले, "लाल कसा मस्त दिसून राह्यला! हिरवा कुठी ठेवला?" हिरवा पंख त्यांच्या कोपराजवळच होता. मी चेष्टा समजून हसलो.

पुढच्या आठवड्यात ते अकोल्याहून डॉक्टरकडून आले आणि बाकावर बसत सरळच म्हणाले, "काचबिंदू हाये म्हणते. बाजूचं गेलं, समोरचं राह्यलं. नळीतून पाह्यल्यावानी दिसते. थेही जाईल म्हणते हळूहळू."

मुश्ताकभाई हातातली वायर उगाच गुंडाळत बसले.

"असे तोंडं काऊन पाडून राह्यले बे? आभाळ पाहाले नळी पुरते! फक्त इमान लवकर उडवा."

आता घाई होती. आणि घाईत आमच्यासारखी मंडळी काय करतात? चर्चा!

* * *

सरांचं म्हणणं, आधी वीज कुठून घ्यायची ते ठरवा, मग चार्जर. घरची लाइन घ्यायची की गाडीच्या मोठ्या बॅटरीवरून ही छोटी भरायची? गाडीची बॅटरी सुरक्षित, असं सर म्हणत. मुश्ताकभाईंना तो अपमान वाटे. "लाइन असताना बॅटरीवरून बॅटरी? विहीर सोडून माठातून माठ भरता काय, सर?"

शेवटी लाइन ठरली. पण शेजारी पिठाची चक्की. ती सुरू झाली की दुकानातला दिवा मिणमिणायचा आणि सरांच्या मीटरचा काटा खाली बसायचा. चार्जर ठरवण्याआधी सरांना लाइन नीट मोजायची होती. त्यांनी चक्कीवाल्याला समजावून दुपारची चक्की बंद ठेवायला लावली.

थोड्या वेळात एक बाई रिकामा डबा घेऊन दुकानात शिरली. "कोन हाये थो मास्तर? तुमच्या इमानाचं पोट भराले माह्या लेकराईचे पोटं उपाशी ठेवता काय?"

सरांनी स्वतः जाऊन चक्कीचा पट्टा चढवला. झिजलेल्या खडूने फळ्यावर व्होल्टेज शिकवणारे आमचे सर, त्या दिवशी पिठाने पांढरे होऊन परत आले.

* * *

यातलाच पुढचा किस्सा कसा सांगावा कळत नाही.

मुश्ताकभाईंच्या दुकानाचा एक नियम होता. बॅटरी आली की आधी झाकणं उघडायची, पाणी बघायचं, कमी असेल तर डिस्टिल वॉटर टाकायचं, मगच लाइन. बॅटरी कोणाचीही असो, नियम म्हणजे नियम. माणूस धंद्याला फार सच्चा.

विठ्ठलभाऊंच्या सेलना झाकणंच नव्हती. बंद डब्या. मुश्ताकभाईंनी वरून, खालून, बाजूने शोधलं. मग सुई तापवून एका सेलला भोक पाडलं आणि ड्रॉपरने पाणी सोडलं!

आम्ही पोचलो तेव्हा सेल फसफसत होता आणि मुश्ताकभाई खुशीत होते. "भाऊ, प्यासा होता बेचारा! पिऊन राह्यला पाहा कसा!"

सरांनी कपाळावर हात मारला. सेल गेला. तसला सेल खामगावात काय, नागपुरातही मिळेना. साळ्याचं जहाज परत येईपर्यंत थांबणं आलं.

मी म्हटलं, "भाऊ, टॉर्चचे सेल लावू अन् एकदा उडवू."

"माह्या इमानाच्या पोटात गोटे भरू काय? थे जड सेल घेऊन बदकावानी चालन थे. उडन तं नीट उडन."

आम्ही हट्ट धरायला हवा होता. बदकासारखं तर बदकासारखं, त्यांना दिसलं तरी असतं. तेव्हा त्यांच्या नळीत अजून बरंच आभाळ मावत होतं.

मुश्ताकभाईंनी ती सुई मात्र नालीत फेकली. पुढे कितीतरी दिवस ते विठ्ठलभाऊंना चहा स्वतः नेऊन हातात द्यायचे.

* * *

नवा सेल आला तोवर विठ्ठलभाऊ भिंतीला हात लावत चालू लागले होते. गिऱ्हाइकाला कापड दाखवायचे ते बोटांनी ओळखून.

आता चार्जर. बाहेरून मागवायला वेळ नव्हता. मुश्ताकभाईंची जुनी युक्ती होती, चार्जिंग मशीनमधून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीत एक बल्ब घालायचा. बल्ब जेवढा मोठा, तेवढा करंट जास्त. पण चाळीसच्या बल्बवर ते बोटभर सेल चटका देऊ लागले. पंचवीसवरही गरम. विठ्ठलभाऊ सेलवर हात ठेवून तापलेल्या लेकराला बघावं तसं बघायचे आणि मान हलवायचे. "ताप हाये अजून."

सरांनी हिशेब मांडला. झिरोचा बल्ब हवा. दुकानांत नेमका तो संपलेला. विठ्ठलभाऊ उठले, घरी गेले आणि चाचपडत देवघरातला झिरोचा बल्ब काढून घेऊन आले. लाल रंगाचा! लावला. सेल थंड, चार्जिंग सुरू!

संध्याकाळी वहिनी दुकानाच्या दारात. "देवाले अंधारात ठेवून तुमी इथं काय उजेड पाडून राह्यले?"

विठ्ठलभाऊ हसले. मग हळूच म्हणाले, "दोनच दिवस दे वं. देवाले अंधारात दिसते. मले नाही दिसत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाइन गेली. बॅटरी अर्धीच भरलेली. सर म्हणाले, "उद्या जाऊ." विठ्ठलभाऊ म्हणाले, "आजच. मले आता फक्त उजेड अन् सावली समजते. उद्याचा भरोसा नाही."

माझ्या वाडीमागे ज्वारी काढलेलं मोकळं रान होतं. तिथे गेलो. इंजिन गुरगुरलं. मुश्ताकभाईंनी विमान हातातून सोडलं आणि ते खरंच उडालं! विठ्ठलभाऊंनी कपाळावर हाताची सावली धरली आणि आवाजाच्या दिशेने मान वळवली. विमानाने डोक्यावरून एक चक्कर घेतली. आम्ही तिघंही पोरांसारखे ओरडलो.

दुसऱ्या चक्करला ते वळलंच नाही. सर हातातल्या पेटीची दांडी इकडे दाबत होते, तिकडे दाबत होते. पोटातली बॅटरी संपली होती. इंजिन मात्र जोरात. विमान सरळ उत्तरेकडे निघालं, ठिपका झालं आणि मग ठिपकाही गेला. बारीक गुणगुण तेवढी उरली, तीही थांबली.

सरांनी दांडी हलवणं थांबवलं नाही. तिचा कटकट आवाज येत राहिला.

विठ्ठलभाऊंचा हात कपाळावर तसाच होता. "कुठी हाये बे? दिसून राह्यलं काय अजून?"

आभाळ रिकामं होतं. मुश्ताकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आवाज नीट करून म्हणाले, "हाव भाऊ, दिसून राह्यलं. लय वर हाये."

विठ्ठलभाऊ कितीतरी वेळ तसेच वर बघत राहिले. मग म्हणाले,

"हाव. मलेबी दिसून राह्यलं."