माशांच्या पाण्याला घोंगडी

मी कडा गावात टिकलो तो सिदूमामांमुळे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सांगायला लागलं की लोक हसतात आणि हे वाक्य राहून जातं. सिदूमामा गावाबाहेरच्या वस्तीवर राहायचे. मेंढरं राखायची, लोकर कातरायची, घोंगड्या विणायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. तीन आठवड्यांपूर्वी ते गेले. त्यांची सून सकाळीच माझ्या मालकांच्या दारात आली आणि म्हणाली, "मामंजी गेले. काल सांजच्यापातूर मेंढरांना शिव्या देत व्हते, काईच झालं नव्हतं." मी "बसा" म्हणालो. तिला म्हणालो की स्वतःला, ते कळेना...

मी मूळचा कोकणातला. चौथीत शाळा सोडली आणि फिरत फिरत नगरच्या एका व्यापाऱ्याकडे येऊन पोचलो. कड्याचे मोठे जमीनदार, ज्यांना सगळं गाव मालक म्हणतं, ते एकदा तिथं आले. "कुठला रे तू?" "कोकणातला." "मग तुला माशांचं कळत असेल." कळत नाही म्हणायचा धीर मला आजही होत नाही, तेव्हा तर विशीतला होतो. कळतं, म्हणालो. खरं तर मासे मी फक्त कालवणात ओळखत होतो. पण मालकांनी मुंबईहून काचेची भलीमोठी पेटी आणली होती, दोन म्हशी शेजारी शेजारी उभ्या राहून पाणी पितील एवढी. नगरच्या ठेसनापासून ती बैलगाडीत कडब्यावर निजवून आली होती. तिच्यात अकरा सोनेरी मासे. घरात कुणी अंडंही खात नसे, त्यामुळे माशांचा मान फार. त्या माशांसाठी मला ठेवलं गेलं. मासे गेले तर मी गेलो, इतका सरळ हिशेब होता, आणि जायला मला दुसरी जागा नव्हती.

आठ दिवसांत पाणी हिरवं झालं. मासे दिसेनात, नुसतं शेवाळ हलल्यासारखं वाटे. त्यातच निरोप आला की बीडहून तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे सगळ्यात मोठे साहेब, सोमवारी मासे बघायला येणार. पाणी गाळायचं कशानं, यावर बैठक बसली. मालकांचे मुनशीजी म्हणाले, तुरटी फिरवा. एका बादलीत तुरटी फिरवून एक मासा सोडला, तर तो लगेच कुशीवर झाला. त्याला घाईनं बाहेर काढलं, तुरटीही गेली. मालकांच्या मेहुण्यांनी पितळी पंपाचं चित्र दाखवलं. पंप विलायतेहून यायचा होता, साहेब बीडहून. मालक माझ्याकडे वळले. "तुमच्या कोकणात काय करतात?" कोकणात मासे समुद्रात राहतात आणि समुद्र कुणी गाळत नाही, हे मी गिळलं. म्हणालो, "मडकी."

एकावर एक तीन मडकी तिवईवर मांडली. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा. पाणी निवळ आलं, पण कोळशाची भुकटी घेऊन. खालच्या मडक्यात जाडसर काहीतरी हवं होतं. मी वस्तीवर जाऊन सिदूमामांकडून नवी कोरी घोंगडी आणली. कशाला, ते भीतीनं सांगितलं नाही. शनिवारी ती कापून मडक्यात कोंबली आणि दिवसभर पाणी ओतलं. संध्याकाळी पेटीत बघतो तर पाणी तांदळाच्या पेजेसारखं, आणि मासे तोंड वर काढून आ करतायत.

रविवारी सकाळी मामा सहज आले, घोंगडी ऊब देते का ते विचारायला. पेटी बघितली, मडकं बघितलं, बोट बुडवून चिमटीत चोळलं.

"कावून बे, घोंगडी गाळायला घातली व्हय?"

"हो."

"आरं, नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावलेली आसती, ताठ ऱ्हावी म्हनून. तू माशांस्नी लापशी पाजलीस."

मला रडू फुटलं. म्हणालो, "मामा, मला माशांचं काही कळत नाही."

"ते मला पैल्या दिवशीच दिसलं. मेंढराकडं बगनारा मानूस आन् तू, लई फरक हाय."

मग त्यांनी खांद्यावरची स्वतःची घोंगडी काढली. दहा पावसाळे खाल्लेली, खळीचा कण उरला नव्हता. थंडीचे दिवस. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी ती कातरीनं उभी फाडली. मासे न्हाणीतल्या दगडी डोणीत ठेवले, त्या दिवशी अख्ख्या घराची अंघोळ बुडाली. पेटी घासली, आडाचं पाणी मडक्यांतून दिवसभर गाळून भरलं. आम्ही दोघं, आणि मधूनमधून मालकीणबाई, "आमची न्हाणी कधी मोकळी करताय?" म्हणत.

सोमवारी तालुकदारसाहेब आले. काचेतून पलीकडच्या भिंतीची भेग दिसत होती. साहेबांनी मासे मोजले, मग नाक मुरडलं. "यहाँ बकरी बँधी है क्या?" मालकांनी घोंगडीच्या मडक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत, दाराशी उघड्या खांद्यानं उभे असलेले मामा म्हणाले, "ह्या कोकन्याची. त्येंच्या मुलकात आसंच करत्यात."

माझी जागा पक्की झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का सांगितलंत? "माजी मेंढरं हायती. तुला काय हाय?" एवढंच बोलून वाटेला लागले. ती थंडी त्यांनी पोतं पांघरून काढली. पुढं दर वर्षी माझ्यासाठी जुनी घोंगडी राखून ठेवायचे आणि देताना म्हणायचे, "घे, तुज्या मुलकाची."

पुढं गावात पिण्याचं पाणीही तसंच गाळू लागले. त्याला सगळे म्हणतात कोकणी गाळणं. आमच्या कोकणात ते कुणी पाहिलेलं नाही.

परवा शेजारच्या वाडीवरची एक बाई आली. कोकणी गाळणं कसं मांडायचं ते दावा, म्हणाली. मी धीर करून म्हणालो, "बाई, ते सिदूमामांचं गाळणं." तिनं जरा विचार केला. "आमाला कोकनीच पायजे. मामाचं तुमी ठिवा." मी मुकाट्यानं मांडून दिलं.

मालक आता थकलेत. सकाळी पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात, मडक्याची ठिबक ऐकत डुलकी घेतात. मामा गेल्यापासून दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "काय रे?" म्हणाले. एकदा मी म्हणालो, ऊन छान आहे. एकदा म्हणालो, मासे बरे आहेत.

मामा, आज कागदावर लिहिलंय. मालकांच्या तोंडावरही सांगेन, तुमचं नाव घेऊन, तुमच्या सुनेला शेजारी उभं करून... जरा धीर होऊ द्या.