विचारलं तेवढंच

मूल तालुक्यात धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, त्या सीमेवरच्या गावात मी शिक्षिका होते. शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग पुढच्या गावात आणि मधली वाट जंगलातून. त्या वर्षी सातवीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी मला स्पष्टच सांगितलं, "मॅडम, त्या वाटेनं रोज पोरीले धाडत नाई मी. होस्टेलात नंबर लागला तं शिकल, नाई तं बस झालं."

होस्टेल तालुक्याच्या गावी. तिथं तोंडी मुलाखत घ्यायचे आणि निकाल जागच्या जागी सांगायचे. पोरगी हुशार होती, पाठांतर तर असं की ऐकत राहावं. एकच गोम होती. विचारलं एक, की सांगायची दहा.

चाचणीत प्रश्न होता, 'पाने हिरवी का दिसतात?' आमच्या या पोरीबाईसाहेबांनी पानभर लिहिलं. तेंदूपान उन्हाळ्यात तोडतात, त्यासाठी पहाटेच निघावं लागतं, पुडा बांधताना पानं नीट जुळवावी लागतात आणि या कामात तिच्या आईचा हात कुणी धरू शकत नाही. शब्द न शब्द खरा आणि उत्तराचा पत्ता नाही! मी कपाळावर हात मारला.

"अगं, 'का' विचारलंय, 'का'!"

"पानाचंच तं लिहिलं न मॅडम," ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं की मी का चिडले.

तिचंही बरोबर होतं म्हणा. आमच्या गावात कुणी 'यंदा धान कसं?' म्हणून विचारलं आणि तुम्ही 'बरं' एवढंच बोललात, तर तुम्हाला गर्व झाला असं समजतात. पाऊस, कीड, रोवणीला न मिळालेल्या बाया, सगळं सांगून वर चहा पाजायचा, तेव्हा उत्तर पुरं होतं. ही चांगली रीत आहे, मला फार आवडते. पण मुलाखत घेणारे चहाला थांबणार नव्हते! मी फळ्यावर कोण, कुठे, का, कसे असं सगळं लिहून समजावलं. पोरांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या आणि पुन्हा पानभर लिहिलं. माझा जीव खालीवर व्हायला लागला होता.

मग ती सकाळ आली. मी शाळेत पोचते तो फाटकातच ही मुलगी ओरडत पुढं आली, "मॅडम, वाघ!" बोरिंगजवळच्या चिखलात ठसा होता. तिनं तो नीट न्याहाळला होता आणि कुणी पाय देऊन पुसू नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घातलं होतं. मी सगळ्यांना आत घेऊन दार लावलं आणि वनरक्षकांना, म्हणजे आमच्या गार्डसाहेबांना फोन केला. ते दुसऱ्या गावी होते, यायला वेळ लागणार होता. "ज्यानं पाह्यलं त्याले द्या," ते म्हणाले. मी स्पीकर चालू करून फोन मुलीच्या हातात दिला. पोरं भोवती गोळा झाली.

"काय पाह्यलं?"

"साहेब, वाघ आला होता, बाजूवाल्यांच्या बकऱ्या रातच्यानं ओरडून राह्यल्या होत्या, अन् माही आजी म्हणे..."

"पोरी, वाघ पाह्यला काय तू?"

"नाई."

"मंग काय पाह्यलं?"

ती थांबली. मी तिला पहिल्यांदाच उत्तर देण्याआधी थांबताना बघत होते.

"ठसा."

"हां! कुठी?"

"बोरिंगजवळ, चिखलात."

"कुत्र्याचा नाई, कशावरून?"

"नखं नाई उमटले साहेब. कुत्र्याचे उमटतात."

"शाब्बास! काऊन आला असल?"

ती पुन्हा थांबली. मग म्हणाली, "ते मले नाई मालूम. पाणी प्यायले आला असल, पण तो माहा अंदाज हाय."

मला तर नाचावंसं वाटलं! बाहेर जनावराचा ठसा आणि आत मी टाळ्या वाजवतेय. भीती कुठल्या कुठं पळाली होती. नंतर वनरक्षकांनी येऊन घमेलं उचललं, तर तो ठसा बिबट्याचा निघाला. पण पोरांना त्याचं काय! त्यांना नवा खेळ सापडला होता. मी गार्ड व्हायचं आणि पुस्तकातले प्रश्न फोनवर विचारायचे. 'कारणे द्या' म्हणजे गार्डचं 'काऊन'. 'कशावरून' आलं, की डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगायचं. 'वर्णन करा' आलं, की मात्र सगळं सांगायची मोकळीक, आणि तिथं आमची मुलगी सुटायची ती सुटायचीच. पानांचा प्रश्न तिला मी पुन्हा विचारला. "पानात हरितद्रव्य असते म्हणून," ती म्हणाली आणि हिरमुसून माझ्याकडं पाहिलं. "बस, एवढंच?"

"एवढंच गं माझे आई!"

मुलाखतीच्या दिवशी तिचे वडील आणि मी होस्टेलच्या व्हरांड्यात बसलो होतो. आधीची मुलं आत जाऊन बराच वेळ बसत होती. ही गेली आणि लगेच बाहेर आली. वडील नुसतेच उठून उभे राहिले. मीच धावले.

"काय विचारलं? तू काय सांगितलंस? इतक्या लवकर का सोडलं? घेतलं का तुला? चिडले तर नाहीत ना?"

तिनं हात वर करून मला थांबवलं, अगदी गार्डसाहेबांच्या रुबाबात.

"मॅडम, एका टाइमाले एकच इचारा."

मग मी नव्हे, वडिलांनीच पुढं होऊन विचारलं, "घेतलं काय तुले?"

"हो," ती म्हणाली.