हेमाक्काच्या फणसाचा चीक

हेमावतीला सगळे हेमाक्का म्हणत. ती नुसती भाजी विकत नसे, भाजीबरोबर कृतीही पदरात घालायची. उन्हाळा लागला की अळणावरकडच्या आपल्या शेतातला माल घेऊन ती पहिल्या बसनं उणकलला यायची आणि तळ्याजवळच्या नव्या इमारतीच्या फाटकात टोपली मांडायची. कुणी सौतेकाय, म्हणजे पिवळी जाड काकडी, घेतली की, "साल काढू नका हां, बाई. तूरडाळीत घालून हुळी करा, आंबट आमटीच ती." कैरी घेतली की, "मेथांब्याला गुळाचा हात आखडू नका." पाणी घालून वाढवायचं आपण, आणि लोक ते बेचव रांधून वर भाजीलाच नावं ठेवणार, याचा तिला भारी राग.

त्या सोमवारी मात्र घोटाळा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या लीलाबाईंची नवी सून वेदश्री, पुण्याकडची, तिनं शेवटचा कुवरा, कोवळा फणस उचलला आणि तेवढ्यात परतीची बस आली.

"हेमाक्का, याचं काय करायचं?"

"भाजी!" असं ओरडून हेमाक्का धावली. तेलाचं सांगायचं राहिलं. चिरायच्या आधी हाताला आणि विळीला तेल लावायचं, हे तिच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. पुण्यात जाणत नसतील, हे तिच्या डोक्यात कुठून यावं?

दुसऱ्या दिवशी फाटकावरचा नागेश आडवा आला. "टोपली मांडू नको, हेमाक्का. तुझ्या फणसाच्या चिकानं लीलाबाईंचं स्वयंपाकघर बरबटलंय. आजपासून तुला इथं बसू द्यायचं नाही म्हणाल्या."

आता जायचं कुठं? दुर्गदबैलच्या बाजारात हातगाड्यांच्या कलकलाटात हिची हुळी कोण ऐकून घेणार! टोपली नागेशच्या हवाली करून ती जिना चढली.

दार उघडंच होतं. समोर स्वयंपाकघरात सासू-सून नळाखाली हात घासत होत्या. लीलाबाई सोवळ्यात. जितकं पाणी, तितका चीक घट्ट. त्यांच्या तळव्याला एक चमचा चिकटला होता आणि वेदश्रीच्या वेणीचं टोक तिच्याच बांगडीत.

"आलीस? बघ तुझा फणस!"

"पाणी नको, अक्का! खोबरेल लावा, खोबरेल."

"बाटली उघडायची कुणी? आणि हे बारा वाजता मठातून येतील, नैवेद्य व्हायचाय अजून."

हेमाक्का उंबऱ्यापाशी थांबली. सहा वर्षांत या घरचा चहा तिनं पुष्कळदा प्यायला होता, पण दाराबाहेर. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आपलं पाऊल पडायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

लीलाबाईंनी कोपरानं बाटली ओढून पाहिली. ती आडवी झाली. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, सुनेच्या वेणीकडं पाहिलं.

"ये आत."

"परत आंघोळ करावी लागंल की, अक्का."

"करीन. नळाला पाणी आहे. ये म्हणते ना!"

हेमाक्का पाय धुऊन आत गेली. तेल कोमट करून तिनं एकेक बोट चोळलं. चमचा सुटला, वेणी सुटली. "चूक माझीच, बाळा," ती वेदश्रीला म्हणाली, "बसच्या घाईत तेलाचं राहिलं." मग विळीला तेल लावून उरलेला फणस चिरायला तिथंच उकिडवी बसली. "हळद-मिठात उकडून ठेच. मोहरी, हिंग, सुकी मिरची. वर ओलं खोबरं नि बोटभर गूळ."

"कांदा?" वेदश्रीनं विचारलं.

"आमच्यात घालतात, तुमच्यात चालत नाही. तुमची थोडी कमीच चांगली होणार, त्याला इलाज नाही."

लीलाबाईंना हसायचं नव्हतं, पण हसल्या.

इतक्यात खालून नागेश ओरडला, "लीलाबाई, ही टोपली फाटकाबाहेर ठेवू काय?"

लीलाबाई तेलकट हातांनीच गॅलरीत गेल्या. "आत सावलीत ठेव! तिची मालकीण माझ्या स्वयंपाकघरात बसलीय."

हे इतक्या मोठ्यानं, की वरखालच्या मजल्यांवरच्या बायका आपापल्या गॅलरीत आल्या.