कॅल्शियमबाई

आमच्या बाई अंधारात बोलायच्या. उजेडात त्यांच्या तोंडून दिवसभरात दहा वाक्यं निघाली तरी पुष्कळ. पण सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचे काळे पडदे ओढले की त्यांना कंठ फुटायचा. बाहेर हैदराबादचं ऊन पांढरं झालेलं असे आणि आत आम्ही दोघी एका काचेच्या बशीवर वाकलेल्या. "आली गं, आली," बाई हलकेच म्हणत. उंदराच्या मेंदूतली एक पेशी आधी मिणमिणे, मग हिरवी होई, आणि ती हिरवी लाट तिच्या बारीक फांद्यांतून सरकत शेजारणीपर्यंत जाई. पेशीला बाहेरून काही निरोप मिळाला की तिच्या आत कॅल्शियमची लाट उठते. आम्ही घातलेल्या रंगामुळे ती डोळ्यांना दिसायची. बाईंची वीस वर्षं त्या लाटेमागे गेली होती. म्हणून सगळी संस्था त्यांना पाठीमागे कॅल्शियमबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. "बरंय की," त्या म्हणाल्या होत्या, "हाडं तरी मजबूत राहतील."

बाई बिदरकडच्या शेतकरी घरातल्या. वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. पुढे हैदराबादला नारायणगुड्यात बी-बियाण्यांचं दुकान टाकून शहराचेच झाले. त्यामुळे बाई माझ्याशी मराठीत बोलत, शिपायाशी तेलुगूत, आणि रागावत दखनी मिसळून. रागावणं म्हणजे तरी किती? "कायकू परेशान करतेस गं त्यांना?" एवढंच. त्यांना म्हणजे पेशींना. मी बशी जरा जोरात ठेवली, दार आपटलं, की हे वाक्य यायचं. त्याच्या मागोमाग दुसरं: "पेशीला घाई नसते. घाई आपल्याला असते."

मला घाई होतीच. मी अंबरपेठेत वाढले. वडील नांदेडहून बदलीवर आलेले, सिकंदराबादला रेल्वेत कारकून. आमच्या नात्यागोत्यात पीएचडीपर्यंत पोचलेली मी पहिली. "सुई टोचणारी नसली तरी डॉक्टरच होणार," असं बाबा विहारात भेटेल त्याला सांगत. त्या वर्षांत सगळं शहरच कुठेतरी निघाल्यासारखं वाटायचं. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. आमच्या शेजारच्या दोन मुली सहा महिन्यांचा कोर्स करून अमेरिकेला गेल्या, आणि मी चौथ्या वर्षीही उंदरांचा वास अंगाला घेऊन बसने घरी येत होते.

दुपारी भाकरी आणि ठेचा खाऊन झाला की बाई व्हरांड्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसत. कडुनिंबाची सावली त्यांच्या साडीवर हलत असे. त्या झोपल्यात असं मला वाटायचं. एकदा मी दबक्या पावलांनी जवळून गेले तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "झोपले नाही. पेशी बघतेय."

"काय करतायत?"

"मनासारख्या चमकतायत." मग हसल्या. "डोळे मिटले की त्या माझं ऐकतात. म्हणून हे वहीत लिहायचं नसतं."

त्याच सुमारास आमच्या हाती एक नवल आलं. एका वेलीच्या मुळापासून काढलेला पदार्थ मी पेशींवर घातला की बशीभर दिवाळी व्हायची. नुसतं मिठाचं पाणी घातलं की अंधार. चाळीस वेळा केलं, चाळीस वेळा तेच. स्मृतीवरचं औषध निघेल असं लोक बोलू लागले. बाईंचा लेख परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. एका परदेशी कंपनीची टाय लावलेली माणसं येऊन चहा पिऊन गेली. मेंदूच्या अभ्यासाचा नवा विभाग निघणार आणि त्याच्या प्रमुख बाई होणार, हे जवळजवळ ठरलं. मला अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं: लेख छापून आला की या.

लेख छापायला जायच्या आधी एका दुपारी मी एकटीच अंधाऱ्या खोलीत होते. औषध घातलं, पेशी उजळल्या, नेहमीसारख्याच. दिवा लावला तर हातात मिठाच्या पाण्याची बाटली. औषधाची बाटली शेजारी तशीच बंद.

मी पुन्हा करून पाहिलं. मिठाचं पाणी झपकन सोडलं, पेशी उजळल्या. औषध थेंबथेंब, हळू सोडलं, काही नाही. मग समजलं. पेशी औषधाने चमकतच नव्हत्या. पाण्याची धार अंगावर आली की त्या दचकायच्या. औषध घालताना माझा हात आशेने जोरात चालायचा, आणि नुसतं पाणी घालताना, तिथे काही व्हायचंच नाही म्हणून, सावकाश. चाळीसही वेळा मी मला हवं तेच बघितलं होतं.

आठ दिवस मी कुणाला काही बोलले नाही. ते दिवस मला आजही नीट आठवत नाहीत. पाण्याखालून चालल्यासारखे गेले. बसमध्ये माणसांचे ओठ हलताना दिसत, ऐकू येत नसे. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? कदाचित कधीच नाही. नवव्या दिवशी बाई व्हरांड्यात डोळे मिटून बसल्या असताना मी जाऊन समोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "चल, दाखव."

पडदे ओढले. मी धार सोडली. पेशी उजळल्या. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्या खोलीत बाई गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच अनुभवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं आठ दिवस?" मी नाही म्हणून मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी आपल्या डब्यातली उरलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि टंकलेखन यंत्राकडे वळल्या.

लेख मागे घेत असल्याचं ते पत्र मी वाचलंय. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. 'प्रयोगाची पद्धत मी तपासायला हवी होती, ती मी तपासली नाही,' असं होतं. "पण हात माझा होता," मी म्हणाले. "आणि डोळे माझे," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांचे."

टायवाली माणसं पुन्हा आली नाहीत. नवा विभाग निघाला. प्रमुख दुसरेच झाले. अमेरिकेहून आलेल्या उत्तरात सभ्य शब्दांत नकार होता. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते वंदनेला बसले होते. ऐकून घेतलं, वंदना पुरी केली आणि म्हणाले, "मग आता पुन्हा पहिल्यापासून कर."

आम्ही पहिल्यापासूनच केलं. दोन वर्षं बाई आणि मी पेशींना स्पर्श कसा कळतो एवढंच पाहत बसलो. धार किती जोराची, किती लांबून, कोणती पेशी आधी दचकते, शेजारणीला कसं कळवते. या कामाला कुणी विचारत नव्हतं. पण माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर दुपारी त्याच. बाहेर शहर मोठं होत होतं, आणि आत केसाइतकी बारीक धार सोडून आम्ही श्वास रोखून थांबायचो. त्यातून एक छोटासा लेख निघाला. फारसा कुणी वाचला नाही. माझी पदवी त्याच्यावर झाली.

पुढे मला जर्मनीत जागा मिळाली. मुंबईहून विमान होतं, म्हणून सिकंदराबादहून गाडी. बाई येतील असं वाटलं नव्हतं. त्यांना गर्दी सोसत नसे. पण फलाटावर आल्या, बाबांशी दोन शब्द बोलल्या आणि मग मला बाजूला घेऊन एकदम म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता."

"तुम्ही तर काही बोलला नाहीत."

"नाही बोलले. घरी जाऊन रडले. मनात आलं, या पोरीने गप्प बसायला काय हरकत होती? दोन रात्री तेच मनात येत होतं." त्या रुळांकडे बघत होत्या. "मी किती साधी सरळ आहे असं तू लोकांना सांगतेस म्हणे. तसं सांगू नकोस. खरं सांग."

गाडी हलली. मी दारात उभी होते. त्यांनी हात हलवला नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि गर्दीतून वाट काढत निघाल्या. नंतर आमची भेट झाली नाही. तीन वर्षांनी त्या गेल्याचं बाबांनी पत्राने कळवलं.

आज त्यांच्याबद्दल लिहिताना किती वेळा तरी हात त्यांना मोठं करायला गेला. म्हणून फलाटावरचं त्यांचं बोलणं त्यांनी सांगितलं तसंच ठेवलं आहे.