दप्तरखान्यांचे पाहुणे

उभी हयात जयपुरात काढून एकही महाल आतून न पाहिलेला माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो शास्त्री नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ऐंशीच्या सुमाराला आमच्या ह्यांची रेल्वेतली बदली होऊन आम्ही तिथे गेलो, तेव्हापासून ते आमचे काका. एका सरकारी दप्तरखान्यात जुने कागद सांभाळायची नोकरी. सुट्टी लागली की सगळी कॉलनी पुरी-भाजी बांधून कानोत्याच्या धरणावर जायची आणि काका कुणाचा तरी दुसरा दप्तरखाना बघायला जायचे. "दुसऱ्याचं घर बघितल्याशिवाय आपल्या घरातला पसारा दिसत नाही," असं म्हणत काकूंकडून चकल्यांचा डबा भरून घ्यायचे, कारण रिकाम्या हाताने कुणाच्या कागदांना हात लावू नये अशी त्यांची श्रद्धा. एकदा दोन्ही घरं मिळून कानोत्याला निघालो, तर काका वाटेतच एका ठाकुरांच्या हवेलीपाशी उतरले. "तुम्ही व्हा पुढे, मी इथलं कपाट बघून येतो." संध्याकाळी परतताना बघतो तर स्वारी फाटकाशी उभी, केसांत कोळिष्टकं, तोंडभर हसू. सगळ्यांच्या वाटच्या चकल्या हवेलीत संपल्या होत्या.

काका जे शिकून येत त्याचा पहिला प्रयोग काकूंच्या संसारावर होई. हवेलीत कागद लाल कापडाच्या बस्त्यांत, म्हणजे गाठोड्यांत, बांधतात म्हटल्यावर आमच्याच देखत काकूंच्या डाळी, पापड आणि गोडा मसाला लाल कापडात गेला. जैन मंदिराच्या ग्रंथभांडारात ज्ञानपंचमीला झाडून सगळ्या पोथ्या बाहेर काढतात, पुसतात, त्यांची पूजा करतात. झालं! दर वर्षी दिवाळी सरते न सरते तोच काकांच्या ट्रंका उघडत आणि खाटांवर, खुर्च्यांवर रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुलांच्या गुणपत्रिका वारा खात पडत. फराळाला आलेला माणूस उभ्यानेच लाडू खाऊन जाई. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नकाशे घडी न घालता दांडीवर टांगतात हे कळलं, तेव्हा काकूंच्या साड्या आठवडाभर बैठकीच्या खोलीत लोंबत होत्या. काकू म्हणाल्या, "ह्यांनी एकदा एखाद्या धड संसारालाही भेट द्यावी म्हणते मी. शिकतील काहीतरी."

पण ही विद्या काका फुकट आणत नसत. या प्रत्येक ठिकाणी एखादं तरी गाठोडं असं असे की ज्याला कुणी हात लावत नसे. मराठ्यांच्या काळची पत्रं, सगळी मोडीत. काकांना मोडी त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. ते मांडी घालून बसत, पत्र वाचत आणि हिंदीत सांगत. पंचक्रोशीतल्या सगळ्या दप्तरांत मोडी वाचणारा हा एकच माणूस, आणि त्याच्याच डोळ्यांत काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी काका पायरीवर बसून मला म्हणाले, "डोळ्यांचं काही नाही गं. माझ्यामागे ते कागद मुके होतील, त्याचं वाईट वाटतं." मला त्यांचा रागच आला. माणसाने आधी स्वतःसाठी रडावं की नाही?

मग काकांनी शिष्य शोधायला सुरुवात केली. आधी कॉलनीतली मराठी मुलं धरून आणली. ती हिंदी शाळांत वाढलेली. "काका, मतलब, याला वरती लाइन आहे पण अक्षर कुठे तुटतं?" एवढं विचारून जी पळाली ती क्रिकेटलाच गेली. मग काकांनी इतकी वर्षं ज्यांचे उंबरे झिजवले त्या सगळ्यांना निरोप धाडले. रविवारी चौघे-पाचजण आले, चकल्या खाल्ल्या, आणि टिकले ते एकटे जैन भांडाराचे मुनीमजी. त्यांची व्यापारी लिपी तर काना-मात्राच गाळणारी, त्यामुळे मोडीला ते मुळीच बिचकले नाहीत. दिवाळीच्या आत त्यांनी एक अख्खं पत्र खडाखडा वाचून दाखवलं. आम्ही सगळे थक्क. मुनीमजींनी चष्मा काढला आणि अदबीने विचारलं, "काकासा, अब ये भी बता दीजिए, इसमें लिखा क्या है?"

मराठीचा एक शब्द न कळता त्यांनी मोडी पुरी केली होती! काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना अक्षर आलं, तुला भाषा येते. येत्या रविवारपासून तू इथे बसायचंस."

"काका, माझी पोळी तव्यावर असते त्या वेळी."

"करपू दे."

तेव्हापासून आमची जोडी जमली. मुनीमजी वाचत, मी अर्थ लावी. कुठे घोड्यांच्या वैरणीची तक्रार, कुठे चिखलात रुतलेल्या तोफा, कुठे कुणाचा न उतरणारा ताप. काकांना आता दिसत नव्हतं. ते खाटेवर पडून ऐकत आणि आम्ही अडलो की तिथूनच सांगत, "रवाना असेल तिथं. मागे घोडे आले ना?" आणि तिथे 'रवाना'च असे. पुढे त्यांनी अंथरूण धरलं, अन्न तुटलं, पण रविवार मोडू दिला नाही. एका थंडीतल्या रविवारी आम्ही एका शब्दापाशी थांबलो. काका जागे होते, ऐकत होते. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्याच आठवड्यात काका गेले.

दिवस झाल्यावरच्या रविवारी मुनीमजी नेहमीच्या वेळी बस्ता घेऊन दारात उभे. खाली बघत म्हणाले, "बहनजी, बैठें?" काकूंनी सतरंजी घातली. आम्ही बसलो, आणि अजून बसतो. शब्द अडला की मुनीमजी त्यावर बोट ठेवतात आणि दोघंही थांबतो. मग आमच्या मतीप्रमाणे काहीतरी अर्थ लावतो आणि पुढच्या ओळीवर जातो. तो बरोबर आहे की चूक, हे सांगणारं आता कुणी नाही.